ओसाकातील गुळण्यांचे औषध: ऑगस्ट २०२० मधील एका घोषणेचे प्रकरण आणि दुखऱ्या घशाचा प्रश्न

४ ऑगस्ट २०२० रोजी जपानमधील ओसाका प्रांताचे गव्हर्नर हिरोफुमी योशिमुरा पत्रकारांसमोर आले, तेव्हा त्यांच्यापुढच्या टेबलावर गुळण्यांच्या औषधाच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. (जपानमधील गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला असतो. आपल्याकडच्या राज्यपालांपेक्षा त्याचे स्थान मुख्यमंत्र्यांच्या जवळचे, आणि त्याच्या शब्दाचे वजनही तसेच.) आपण सांगणार आहोत ती गोष्ट खोटी वाटेल, पण ती खरी आहे, अशा आशयाची प्रस्तावना करून त्यांनी जाहीर केले की पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या केल्याने कोरोनाबाधितांच्या लाळेतील विषाणू लवकर नाहीसा होतो असे ओसाकातील एका सरकारी रुग्णालयाच्या अभ्यासात दिसून आले आहे. ताप किंवा सर्दी-पडशासारखी लक्षणे असणारे लोक, त्यांच्या घरातील मंडळी, रात्रीच्या बार-क्लबांत काम करणारे आणि आरोग्यसेवेतील कर्मचारी यांनी या गुळण्या कराव्यात, असे आवाहनही त्यांनी केले.

पुढे जे झाले ते कोणीही ओळखेल. त्याच दिवशी जपानभरच्या औषध दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या, गुळण्यांचे औषध बनवणाऱ्या कंपन्यांचे समभाग वधारले आणि जुन्या वस्तू विकण्याच्या मोबाइल ॲपवर याच बाटल्या अव्वाच्या सव्वा भावाने दिसू लागल्या. ही औषधे परवान्याशिवाय विकणे जपानच्या औषध कायद्याने गुन्हा ठरते, याची आठवण अधिकाऱ्यांना करून द्यावी लागली. दंतवैद्यांची अडचण वेगळीच होती. दात काढण्यापूर्वी तोंड निर्जंतुक करण्यासाठी त्यांना हेच औषध लागते आणि तेच मिळेनासे झाले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरांनी खुलासा केला की हे औषध संसर्ग टाळणारे आहे किंवा आजार बरा करणारे आहे, असे आपल्याला म्हणायचे नव्हते. तोवर बाटल्या घरोघरी पोहोचल्या होत्या.

हे प्रकरण महामारीतील एक किस्सा म्हणून सोडून देता आले असते. पण घसा खवखवू लागताच तपकिरी बाटलीकडे वळणारा आपला हात ज्या समजुतीने चालतो, तीच समजूत ओसाकात एका दिवसात उघड्यावर आली, म्हणून ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. समजूत साधी आहे: घसा जंतूंमुळे दुखतो, औषध जंतू मारते, म्हणून औषधाने घसा बरा होतो. यातील पहिली दोन वाक्ये बऱ्याच अंशी खरी आहेत. तिसरे त्यांच्यातून निघत नाही.

आधी आकड्यांकडे पाहू. अभ्यास सौम्य लक्षणांच्या आणि घरी न राहता निवासव्यवस्थेत ठेवलेल्या ४१ रुग्णांचा होता. एका गटाने दिवसातून चार वेळा पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या केल्या, दुसऱ्याने केल्या नाहीत. चौथ्या दिवशी लाळेच्या पीसीआर चाचणीत पहिल्या गटातील ९.५ टक्के, तर दुसऱ्यातील ४० टक्के रुग्णांत विषाणू सापडला. टक्केवारी उलटी सोडवली की २१ पैकी २ आणि २० पैकी ८ असा हिशेब जुळतो. म्हणजे दोन-तीन माणसे इकडची तिकडे झाली असती तरी टेबलावरील बाटल्यांना फारसे काही सांगण्यासारखे उरले नसते. इतक्या लहान अभ्यासात फरक दिसणे म्हणजे मोठा अभ्यास करण्याचे निमित्त मिळणे, आणि अभ्यास करणाऱ्यांना तेवढे श्रेय जरूर द्यावे. त्यावरून सगळ्या प्रांताला आवाहन करणे ही वेगळी गोष्ट आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की मोजले काय. मोजली गेली ती लाळ. तोंडात जंतुनाशक घोळवले की तोंडातील विषाणू कमी होतो यात नवल काहीच नाही. प्रयोगशाळेतील नळीत पोव्हिडोन आयोडीन अनेक जिवाणू आणि विषाणूंना काही सेकंदांत निकामी करते हे आधीपासून माहीत होते. परंतु श्वसनमार्गाचे विषाणू वाढतात ते नाकाच्या मागच्या भागातील आणि घशातील पेशींच्या आत, आणि लाळेत दिसतो तो तिथून बाहेर पडलेला माल. रुग्णाचा घसा कमी दुखला का, गिळणे सोपे झाले का, ताप लवकर उतरला का, या प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी सांगितलेल्या आकड्यांत नव्हती. शिवाय तुलना झाली ती गुळण्या करणारे आणि न करणारे यांच्यात. साध्या पाण्याने गुळण्या करणारा तिसरा गट त्या आकड्यांत नव्हता. त्यामुळे फरक पडला तो आयोडीनमुळे की दिवसातून चार वेळा तोंड-घसा धुतल्यामुळे, हेही कळायला मार्ग नव्हता.

हा पाण्याचा गट किती महत्त्वाचा आहे हे इतर कोणत्याही देशापेक्षा जपानला अधिक माहीत असायला हवे होते. बाहेरून घरी आल्यावर हात धुणे आणि गुळण्या करणे हा तिथल्या शाळकरी मुलांना लावला जाणारा रोजचा शिरस्ता आहे. ओसाकापासून रेल्वेने अर्ध्या तासावर असलेल्या क्योतो येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली नेमक्या याच सवयीची चाचणी प्रसिद्ध केली होती. ३८७ निरोगी प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट पाडले गेले: एकाने दिवसातून किमान तीन वेळा साध्या पाण्याने गुळण्या करायच्या, दुसऱ्याने पोव्हिडोन आयोडीनच्या पातळ द्रावाने करायच्या आणि तिसऱ्याने आपले नेहमीचे वागणे चालू ठेवायचे. साठ दिवस हे चालले. सर्दी-घशाच्या संसर्गाचे प्रमाण नेहमीप्रमाणे वागणाऱ्या गटात माणशी तीस दिवसांना ०.२६, आयोडीनच्या गटात ०.२४ आणि पाण्याच्या गटात ०.१७ निघाले. म्हणजे नळाच्या पाण्याने जे साधले ते औषधाने साधले नाही. आयोडीन घशातील निरुपद्रवी जिवाणूंची वस्ती विस्कटून टाकत असावे आणि त्यामुळे पाण्याचा लाभही पुसला जात असावा, अशी एक शक्यता मांडण्यात आली. ती शक्यताच आहे. आणि ही चाचणी संसर्ग टाळण्याची होती, दुखणारा घसा शमवण्याची नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही औषधी गुळण्यांचा दावा तपासताना तुलना पाण्याशी झाली पाहिजे, हा धडा ओसाकातील घोषणेच्या पंधरा वर्षे आधी शेजारच्याच शहरात लिहिला गेला होता. एप्रिल २०१४ पासून तर जपानच्या आरोग्य विम्याने केवळ गुळण्यांचे औषध लिहिलेल्या चिठ्ठीचा खर्च देणेही थांबवले होते. सरकारी पातळीवर या औषधाची किंमत एकदा ठरून गेली होती, असेच म्हणायचे.

गुळणी नेमकी कुठवर पोहोचते हे पाहिले की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. आपण मान मागे टाकतो, घशातून हवा सोडत खळखळ आवाज करतो, तेव्हा मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकामागची पोकळी बंद होते आणि जिभेचे मूळ मागे सरकते. द्राव घोळतो तो मुख्यतः टाळू, पडजीभ, गालांच्या आतील बाजू आणि टॉन्सिलच्या पुढच्या भागावर. घशाच्या मागच्या भिंतीला तो जेमतेम लागतो आणि नाकामागच्या पोकळीत, म्हणजे जिथे सर्दीच्या विषाणूंचा खरा अड्डा असतो तिथे, अजिबात जात नाही. फवारा थोडा आत जातो, पण तोही नेम धरून मारावा लागतो. ‘आ’ करून, श्वास रोखून, नळी टॉन्सिलच्या दिशेने ठेवून तो मारला नाही तर निम्मा जिभेवरच पडतो. लहान मुलांच्या घशात अचानक फवारा मारल्यास स्वरयंत्र आवळले जाण्याचा धोका असतो, म्हणून वयाची अट वाचल्याशिवाय तो मुलांसाठी वापरू नये. द्राव असो वा फवारा, काही मिनिटांत लाळ आणि गिळणे त्याला धुऊन नेते. तासातासाने बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंपुढे ही काही मिनिटे फारच थोडी आहेत.

मग गुळण्यांनी बरे वाटते ते काय खोटे? मुळीच नाही. घसा दुखतो तो सुजेमुळे. पेशी दुखावल्या की ब्रॅडिकिनिन, प्रोस्टाग्लॅन्डिन यांसारखी रसायने सुटतात, रक्तवाहिन्या फुगतात आणि मज्जातंतूंची टोके हुळहुळी होतात. कोमट द्रावाने कोरडे पडलेले अस्तर ओले होते, चिकट कफ सुटतो, मिठाच्या पाण्याने सूज थोडी ओढली जाते. अर्धा चमचा मीठ आणि पेलाभर कोमट पाणी यांना हे सगळे जमते. जंतुनाशक द्रावालाही जमते, पण ते त्यातील पाण्यामुळे, आणि काही उत्पादनांत घातलेल्या मेंथॉलसारख्या गारव्यामुळे. ज्या गुळण्या किंवा फवारे दुखण्यावर खरोखर औषध म्हणून काम करतात, त्यांत बहुधा वेदनाशामक किंवा बधिरता आणणारे द्रव्य असते. आपल्याकडे मिळणारा ०.१५ टक्क्यांचा बेन्झिडामाइनचा द्राव हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तो तोंडाला किंचित बधिरपणा आणतो, सुजेवर काम करतो आणि गिळताना होणारी कळ काही वेळ मंद करतो. जंतू मारणे हा त्याचा मुख्य गुण नव्हे. लिग्नोकेन हे बधिरक घातलेल्या फवाऱ्याचेही तेच. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आणि बेन्झिडामाइन एकत्र असलेल्या फवाऱ्याची तुर्कस्तानात स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूमुळे होणाऱ्या घसादुखीवर चाचणी झाली आणि तो वापरणाऱ्यांना अधिक आराम वाटला. मात्र त्या रुग्णांना पेनिसिलिनही चालू होते, आणि आरामाचे श्रेय क्लोरहेक्सिडिनला द्यायचे की बेन्झिडामाइनला, हे अशा मिश्रणातून वेगळे काढता येत नाही. माझे मत विचाराल तर ते बेन्झिडामाइनकडे झुकते.

ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१८ साली घसादुखीच्या उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात प्रौढांनी हवे तर वेदनाशामक, बधिरक किंवा जंतुनाशक द्रव्य असलेल्या चघळायच्या गोळ्या वापरून पाहाव्यात, मात्र त्यांनी दुखणे थोडेसेच कमी होईल, असे म्हटले आहे. औषधी गुळण्यांविषयी, आणि एकट्या बधिरकाच्या फवाऱ्याविषयी, त्यांना पुरावाच सापडला नाही. गोळी गुळणीपेक्षा उजवी ठरण्याचे कारण समजण्याजोगे आहे: ती पाच-दहा मिनिटे तोंडात विरघळत राहते, लाळ वाढवते आणि प्रत्येक गिळण्याबरोबर औषध मागच्या भिंतीवरून जाते. त्याच सूचनांत मुख्य उपाय सांगितले आहेत ते पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन आणि पुरेसे पाणी. सर्वसाधारण घसादुखी आठवडाभरात आपणहून ओसरते. चौथ्या-पाचव्या दिवशी जे औषध घ्यावे ते गुणकारी वाटते, याचे इंगित त्यातच आहे.

आता आयोडीनविषयी थोडे सविस्तर, कारण ओसाकाच्या गडबडीत ही बाजू सर्वांत कमी बोलली गेली. पोव्हिडोन आयोडीन हे १९५५ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेले, आयोडीनला एका बहुवारिकाशी (पॉलिमरशी) बांधून ठेवणारे संयुग आहे. बांधलेले आयोडीन हळूहळू सुटते म्हणून ते जुन्या टिंक्चरसारखे झोंबत नाही. त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा वापरता येण्याजोगे आयोडीन असते. जपानमध्ये गुळण्यांसाठी मिळणारा द्राव ७ टक्क्यांचा असतो आणि त्यातील २ ते ४ मिलिलिटर ६० मिलिलिटर पाण्यात मिसळून वापरायचे असतात. आपल्याकडील गुळण्यांचा द्राव बहुधा २ टक्क्यांचा असतो, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे २ मिलिग्रॅम आयोडीन. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. गुळणी करताना अर्धा मिलिलिटर द्राव नकळत गिळला गेला तरी सुमारे १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे आठवडाभराच्या गरजेएवढे आयोडीन पोटात जाते, आणि तोंडाच्या अस्तरातूनही काही शोषले जाते. तीन-चार दिवसांत निरोगी थायरॉइड हे सहज सोसते. आयोडीनचा लोंढा आला की ती हॉर्मोन बनवणे थोडा वेळ थांबवते आणि मग पुन्हा पूर्ववत होते. ज्यांची ग्रंथी आधीच दुबळी आहे त्यांच्यात मात्र ती थांबलेलीच राहू शकते. ज्यांना गाठीचा गलगंड आहे त्यांच्यात उलट ती बेफाम होऊ शकते. गर्भातील आणि अंगावर पिणाऱ्या बाळाची ग्रंथी तर आणखी नाजूक. म्हणूनच ब्रिटिश औषधसूची या गुळण्या चौदा दिवसांपेक्षा जास्त करू नयेत, सहा वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि थायरॉइडचे विकार, गर्भारपण, स्तनपान किंवा लिथियमचे उपचार चालू असताना टाळाव्यात असे सांगते. महामारीच्या काळात महाराष्ट्रातही अनेक घरांत ही बाटली आली आणि बेसिनशेजारच्या फळीवर टूथपेस्टच्या रांगेत जाऊन बसली. थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेणाऱ्या व्यक्तीने त्याच फळीवरून रोज रात्री आयोडीनच्या गुळण्या करणे, हे कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेले नसते. तरीही ते घडते, कारण गुळण्यांना कोणी औषध समजत नाही. डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ असे विचारले तरी त्यांची आठवण होत नाही.

बाटली कोणती, हाही प्रश्न आहे. जखमेवर लावायचा द्राव ५ किंवा १० टक्क्यांचा असतो, शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्याच्या ७.५ टक्क्यांच्या द्रावात साबणासारखे द्रव्य असते, आणि तिन्ही बाटल्या दुरून सारख्याच तपकिरी दिसतात. जखमेच्या द्रावाने गुळण्या करू नयेत आणि हात धुण्याच्या द्रावाने तर अजिबात करायच्या नसतात. ‘जास्त कडक तेवढे जास्त गुणकारी’ हा हिशेब इथे रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही चुकतो: १० टक्क्यांचा द्राव काही पटींनी पातळ केला तर बहुवारिकाच्या पकडीतून अधिक आयोडीन मोकळे होते आणि मारक शक्ती कमी न होता वाढते. म्हणून ज्या प्रमाणात पाणी मिसळायला सांगितले आहे त्या प्रमाणात मिसळण्यात कंजूषपणा नसतो. क्लोरहेक्सिडिनची तऱ्हा निराळी. ते हिरड्यांच्या आजारासाठी उपयुक्त आहे, पण दोन-तीन आठवड्यांत दातांवर तपकिरी डाग पाडते, चव बिघडवते आणि टूथपेस्टमधील फेसाळ द्रव्यामुळे निकामी होते, त्यामुळे ब्रश केल्यावर अर्धा तास तरी थांबावे लागते. निव्वळ घसादुखीसाठी ते सुरू करण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

ओसाकाच्या घोषणेतील सर्वांत गंभीर शक्यता तिथे फारशी चर्चेत आली नाही, पण आपल्याकडे ती चर्चेत यायला हवी. चौथ्या दिवशी लाळ स्वच्छ निघाली म्हणून आपण बरे झालो असे मानणारा रुग्ण आणि गुळण्या चालू आहेत म्हणून दवाखान्यात न जाणारा रुग्ण एकाच वाटेवर असतात. प्रौढांच्या घसादुखीतील बहुतेक प्रकरणे विषाणूंची असतात. ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसची ५ ते १५ टक्के. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत मात्र हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. हा जिवाणू टॉन्सिलच्या खाचांत आणि ऊतींमध्ये असतो. वरून घोळवलेले जंतुनाशक तिथे पोहोचत नाही, आणि त्याच्यामागून येणारा ऱ्हुमॅटिक ताप, ज्याने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात, तो तर गुळण्यांनी टळण्याचा प्रश्नच नाही. भारतात हा आजार अजून इतिहासजमा झालेला नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झाले तर तो टाळता येतो. बहुधा तोंडाने दहा दिवस पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिले जाते, नाहीतर बेन्झाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. या नऊ दिवसांतील चार-पाच दिवस ‘गुळण्या करून पाहू’ यात गेले तर उरतात फार थोडे.

घसादुखी स्ट्रेप्टोकॉकसची असण्याची शक्यता किती, हे ठरवण्यासाठी डॉक्टर १९८१ पासून वापरात असलेल्या, रॉबर्ट सेंटर या डॉक्टरांच्या नावाच्या ‘सेंटर’ निकषांचा आधार घेतात आणि प्रत्येक निकषाला एक गुण देतात: ताप, टॉन्सिलवर पांढरट-पिवळा लेप, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे. पुढे त्यात वयाचाही विचार मिळवला गेला, त्यामुळे शाळकरी मुलांचा एक गुण वाढतो. नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, अशा वेळी प्रकरण बहुधा विषाणूचे असते आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पॅरासिटामॉल आणि विश्रांती यांवर तीन-चार दिवस काढायला हरकत नाही. बेन्झिडामाइनचा द्राव किंवा चघळायच्या गोळ्या सोबत घेतल्या तरी चालतात. खोकला नाही, ताप आहे आणि टॉन्सिलवर लेप दिसतो, तर मुलाला दुसऱ्याच दिवशी दाखवावे. तोंड पुरते उघडत नसेल, लाळ गिळता येत नसेल, घोगरा आणि कोंबल्यासारखा आवाज येत असेल, श्वास घेताना घरघर होत असेल किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसत असेल, तर कोणतीही बाटली न उघडता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. तीन आठवड्यांनंतरही घसा दुखतच असेल तर कारण बहुधा संसर्गापलीकडचे असते: आम्लपित्ताचे घशापर्यंत येणे, नाकातून मागे गळणारा स्राव, आवाजावरचा ताण, तंबाखू, आणि क्वचित गाठ. त्या तीन आठवड्यांत आयोडीनच्या गुळण्यांची चौदा दिवसांची मर्यादाही केव्हाच उलटून गेलेली असते.